पडण्याची शिकवणी

फोन आला तेव्हा मी माळ्यावरच्या कोंबड्यांना दाणे टाकत होतो.
मालाबोनमध्ये भरती होती, खालच्या दोन पायऱ्या पाण्यात.
"क्रिसांतो सरांना पडायचंय," पोरगी म्हणाली,
"तुम्ही शिकवाल का?"
म्हटलं, बाई, एकोणीस वर्षं
तो माणूस पडू नये म्हणूनच तर माझी नेमणूक होती.

केसोन सिटीचा स्टुडिओ. मासे ठेवतात
तसल्या बर्फखान्यात शिरल्यासारखं वाटलं.
तो खुर्चीत. केस काळे केलेले,
भुवया राहून गेलेल्या.
मला बघून उठला, आधी हात टेकले, मग उठला,
आणि म्हणाला, "बेर्तिंग, पाठ कशी आहे?"
माझी पाठ म्हणजे त्याचीच पाठ.
पासिगच्या पुलावरून साऱ्या देशानं जी उडी पाहिली
तिचे दोन मणके माझ्याकडे आहेत,
टाळ्या त्याच्याकडे.
तक्रार नाही. रोजचे साठ पेसो ठरले होते
आणि दुपारचा भात.

मालिका विनोदी. त्यात त्याचं नाव त्याचंच:
म्हातारा क्रिसांतो, जो गल्लीतल्या मांजराला
अजून खलनायकाला देतो तसा दम देतो,
बंदूक काढायला जातो तर खिशातून चष्मा निघतो,
लाथ मारायला पाय उचलतो
आणि तो खाली आणायला सुनेला हाक मारतो.
मायलीन दिग्दर्शिका, सत्तावीसची असेल.
"सर, तुम्ही दार तोडायला धावता. दार उघडंच असतं.
तुम्ही आत. धप्प."
लगेच म्हणाली, "डबल आहे आपल्याकडे."
होता एक पोरगा, त्याचंच लाल जाकीट घालून,
च्युइंगम चघळत.
क्रिसांतो त्याच्याकडे बघत राहिला.
"नको. हे मी करतो.
एवढं तरी."

मागे गाद्या टाकल्या होत्या, तिथे नेलं त्याला.
हनुवटी छातीला लाव.
हात पुढे टाकू नकोस, मनगटं जातात.
जमिनीशी भांडू नकोस,
ती पैसे घेऊन हरणाऱ्यातली नाही.
श्वास सोडून दे. आधी मांडी, मग कुल्ला, मग खांदा.
बाजारातून दमून आल्यावर पिशव्या ठेवतो ना,
तसा एकेक करून खाली ठेव स्वतःला.
(त्याला 'तू' म्हणालो,
हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.)

पहिल्यांदा पडला तरी नाक वर. सवय.
दुसऱ्यांदा डोळे मिटून.
तिसऱ्यांदा पडला आणि उठलाच नाही. मी धावलो.
छताकडे बघत होता,
केसांचा काळा रंग घामाबरोबर कानामागे ओघळलेला.
"दरवेळी एवढं लागायचं?"
"नाही," मी म्हटलं, "दरवेळी गादी नसायची."
त्यानं मान फिरवली. माझ्याकडे नाही,
दुसरीकडे.

मग लाल दिवा लागला आणि तो धावला,
धावणं कसलं, पोट पुढे, तो मागे,
दार उघडं, धप्प.
मांडी. कुल्ला. खांदा.
हसण्याची फीत नंतर जोडणार होते म्हणे,
पण दिवेवाला हसला, कॉफी वाटणारी बाई हसली,
जाकिटातल्या पोराला च्युइंगमचा ठसका लागला.
मी त्याची मनगटं बघत होतो.
शाबूत होती.
"एकदा अजून," मायलीन म्हणाली,
आणि तो मुकाट्यानं उठून
दारापासून मागे चालत गेला, पावलं मोजत,
जसा मी जायचो.

निघताना पाकीट दिलं त्यानं. मोजलं नाही.
जीपनीत वाकून चढताना कंबरेतून कळ गेली,
ओळखीची, रोजची,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं,
आज रात्री तिच्यातली अर्धी
त्याच्या घरी मुक्कामाला असेल.