दुसरा भाग

पहिला भाग सोलापुरात आलाच नाही,
किंवा आला असेल, आमच्याकडं तेव्हा पैसे नव्हते.
दुसरा आला एप्रिलात, चव्वेचाळीस डिग्रीत,
भद्रावती पेठेच्या मागच्या थेटरात,
जिथं एसी नव्हता, पण वाळ्याच्या पडद्यावर
पाणी मारायला एक माणूस ठेवलेला.
आई त्या वासासाठी आली.
आदल्या रात्री हजार विड्या वळून झालेल्या,
नखात तंबाखू,
कमरेच्या गाठीत तीन तिकिटांचे सुटे.

नरहरीअन्नाला सगळी गोष्ट ठाऊक होती.
वाचनालयातली ती उशीएवढी कादंबरी त्यानं
रात्रपाळीत, मागाच्या खडखडाटात वाचलेली.
धागा तुटला की पान मुडपायचा,
गाठ मारून पुन्हा राज्यात शिरायचा.
सहा चादरींत चुका निघाल्या.
मालकानं पगारातून कापून घेतल्या
आणि त्याच आम्ही अजून पांघरतो.

पडदा उजळला तेव्हा युद्ध निम्मं होऊन गेलेलं.
कुणीतरी आधीच मेला होता,
सगळे त्याच्यासाठी रडत होते
आणि आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं.
मिठाच्या डोंगरातून एक मुलगी चालली होती
ओंजळीत ज्योत धरून.
आभाळभर पितळेचे पक्षी.
आणि एक नावाडी, तोंडावर फडकं बांधलेला,
आमच्या मास्तरीण खात्यातल्या कामगारासारखा.

आई विचारायची, हा कोण? ती कुणाची?
पडद्यावर हिंदी, अन्ना कुजबुजणार तेलुगूत,
मी मनात मराठी करून ठेवणार
उद्या शाळेत सांगायला.
पुढच्या रांगेतला एकजण वळला,
"गप की बे! घरी जाऊन बोला."
पाच मिनिटांनी तोच परत वळला,
"बरं, ते राजाचं भाऊ आधी कुठं होतं म्हणे?"

मग नदी आली. काळी, पडदाभर.
मधोमध वल्हं मोडलं.
मुलीनं ज्योतीभोवती हात गच्च केले
आणि दिवे लागले.

"रीळ खाल्लं बे!"
लोक शिट्ट्या मारत डोअरकीपरवर धावले.
तो बिचारा आईची शपथ घेऊन सांगत होता,
एवढंच आहे, एवढंच पाठवलंय.
आमची आई खुर्चीतून उठलीच नाही.
"तर्वात?" तिनं विचारलं. मग पुढं?
"पुढच्या वर्षी," अन्ना म्हणाला.
"तुला माहितीय ना? सांग."
"नाही सांगणार. तू बघायचं."

पुढच्या वर्षी माग भंगारात गेले, किलोवर.
अन्ना भिवंडीला गेला.
तिसरा भाग आला, आठवडाभर चालला,
आम्ही दोघी पोस्टरखालून मंडईत जायचो.
त्याच्याशिवाय कोण सांगणार, हा कोण, ती कुणाची?

आईनं मग स्वतःच शेवट वळायला घेतले,
तेंदूची पानं कापता कापता, रोज एक.
कधी मुलगी पोहत जायची.
कधी पलीकडच्या काठावर खानावळ काढायची,
कडक भाकरी, शेंगाचटणी.
एकदा पितळेचे पक्षी मोडीत निघाले,
भाव चांगला आला.
नावाड्याला मात्र ती कधी बुडू देत नसे.
"त्याची मजुरी राहिलीय," म्हणायची.

थेटरात आता लग्नं लागतात.
परवा अन्नाला फोनवर विचारलं,
शेवटी काय होतं रे?
बराच वेळ मागून माग ऐकू येत राहिले.
"विसरलो गं," तो म्हणाला, "खरंच विसरलो.
पान मुडपलेलं तेवढं आठवतं."

आता तिसरा भाग माझ्या मोबाईलमध्ये आहे.
तीन तास एकवीस मिनिटांचा.
एवढंच बघून ठेवलंय.
अन्ना गड्ड्याच्या जत्रेला येतो म्हणालाय,
गेल्या वर्षीही म्हणाला होता.
आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं,
उजव्याचं व्हायचंय.
हिरवी पट्टी वर करून ती स्क्रीनकडं बघते,
"त्यात नावाडी आहे का, तेवढं बघून सांग."