फळ्यावरचे आकडे

अकरा वर्षं मी फळ्यावर गीतांचे आकडे लिहिले.
रविवारी, साडेनऊच्या घंटेआधी,
ओल्या फडक्यानं मागचा आठवडा पुसून.
जालन्याचं पाणी जड. फळा वाळला की पांढुरका व्हायचा,
खडू उठायचा नाही नीट,
तरी माझा सात शेवटच्या बाकावरून वाचता यायचा.

मग हनोख गेला, माझा धाकटा भाऊ.
आईनं नाव ठेवलं होतं देवाबरोबर चालणाऱ्याचं.
रोलिंग मिलची दुसरी पाळी संपवून
डबा धुऊन पालथा घातला,
आणि स्वतःच्या हातानं गेला.

कमिटी व्हरांड्यात बसली. चहा आला,
चहामागून ठराव:
भिंतीकडेची जागा. घंटा नाही. गीत नाही.
पाळकसाहेब बशीकडे बघत म्हणाले,
"मार्थाबाई, नियम माझा नाही."
"मग कोणाचा?"
कोणीतरी कप गोळा करायला लागलं.

त्या रविवारी मी फळा पुसला नाही.
पुढं कोणी पुसला, विचारलं नाही.

वर्षभर काहीच मानलं नाही मी.
पण ताटावर बसलं की मान आपोआप खाली जायची,
भाकरी निवायची,
आणि मला कळायचं नाही कोणासमोर वाकलेय.

शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या,
"चर्चला नाही जायलीस का गं?"
"नाही जायले."
"मग आमच्या सप्त्याला ये की."
"ते बी नको."
"अगं मग अडल्यानडल्याला हाक कोणाला मारायलीस?"

आठव्या दिवशी, रात्री अडीचला नळ आला.
घागर भरता भरता मी मोठ्यानं म्हणाले,
"आहेस का?"
घागर भरली. सांडली. मी तशीच उभी.
उत्तर आलं नाही, पण
विचारल्याबद्दल कोणी ठरावही केला नाही.

माझ्याच नावाची एक बाई होती पूर्वी.
तिचाही भाऊ मेला होता.
तिनं त्याला वेशीबाहेरच गाठलं,
म्हणाली, तू वेळेवर आला असतास तर.
त्यानं तिला गप्प केलं नाही.
कबरीपाशी गेला, आणि रडला.
हे व्हरांड्यातल्या सगळ्यांना पाठ आहे.

पाडलेल्या घरातून मी तेवढी वीट काढून आणलीय,
चुना खरवडून.
बाकीचं घर कसं होईल, ठाऊक नाही.
होईलच असंही नाही.

ड्युटी सुटली की कधी कधी
कब्रस्तानाच्या भिंतीशी जाते,
हनोखच्या आवडत्या गीताचा आकडा खडूनं लिहिते: २१७.
पाऊस पुसतो. मी परत लिहिते.

परवा राखणदारानं विचारलं,
"बाई, हा फोन नंबर हाय का?"
"हो," म्हटलं,
"पुढचे आकडे आठवायलेय."