गार इंजिन

नरसय्या म्हणाला, सकाळी सहाला जायचं, न कळवता.
मालकानं गाडी तापवून ठेवली
की थकलेलं इंजिनसुद्धा गोड बोलतं.

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागं,
सहाला पाच कमी.
त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला,
तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा,
आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "चला अक्का, परत."
गाडी लाल होती. नवा रंग, नवे सीटकव्हर,
आरशाला लिंबू-मिरची.
मला आवडली होती.

तीन लाख वीस हजार.
त्यातले साठ भिशीचे,
बाकी पाव किलोच्या बाटल्यांतून आलेले, पाच वर्षं.

गेल्या साली परतीच्या पावसात
भाड्याचा टेम्पो वडकबाळच्या पुढं काळ्या रानात बसला.
मागं चाळीस पेट्या, डाळिंबाच्या बागेला निघालेल्या.
माश्या रात्रीतच पोचवायच्या असतात.
ड्रायव्हर ॲक्सिलेटर दाबत राहिला,
चाक जागच्या जागी विहीर खणत राहिलं.
ट्रॅक्टर आला साडेदहाला. ऊन तर आधीच आलेलं.
अकरा पेट्यांना कान लावला.
काहीच नाही.
तेव्हा ठरवलं, पुढची चाकंसुद्धा ओढणारी गाडी घ्यायची.
घरात सगळे हसले. मधवालीला कशाला रणगाडा?

दुसरी गाडी होटगी रोडला.
मीटर म्हणतं अठ्ठेचाळीस हजार.
नरसय्या वाकून क्लचचं पेडल बघतो,
रबर झिजून लोखंड चमकतंय.
"एवढ्याशा किलोमीटरात? ह्येच्यावर कोण नाचलालतं काय?"

तो आधी मागावर जॉबर होता.
शेडमध्ये चोवीस माग धडधडताना
कुठला धोटा चुकतोय ते पाठमोरा सांगायचा.
आता माग भंगारात गेले, कान उरलेत.
ते तो इंजिनाला लावतो, डोळे मिटून.
धुतलेल्या इंजिनाला हात लावत नाही.
"तेल कुठनं गळतंय ते पुसून टाकलंय, म्हंजे ठाऊक हाय त्येला."

तिसरी कुंभारीला, इरप्पा बोअरवाल्याची.
कधीकाळी पांढरी.
फाटक्या सीटवर चादर, तिच्यावरचा मोर अर्धा विरलेला.
बॉनेट गार. पहाटेसारखं गार.
एकदा, दोनदा, तिसऱ्या चावीला खोकली,
धूर सोडला, मग धूर थांबला.
नरसय्यानं फडक्यात गुंडाळलेला चुंबक चॅसीवरून फिरवला,
सगळीकडं चिकटला.
पुस्तकावरचा नंबर मी दोनदा वाचला, बोटानं.
इरप्पा म्हणाला, रिव्हर्स कुरकुरतो,
डावी काच हातानं वर ढकलायची.

मग पाणी सोडलेल्या रानात घातली.
लिव्हर ओढला. मागची चाकं फिरली,
पुढची गप्प, पाहुण्यासारखी.
इरप्पा म्हणाला, "आठ वर्षं झाली, कधी ओढलीच नाही हो पुढनं.
आम्हाला वाटलं नुसतं नाव हाय."

नरसय्या चिखलात उतरला, पायजमा गुडघ्यापर्यंत.
पुढच्या हबवरची माती नखानं खरवडली,
पक्कड लावली, पिळलं.
खट.
दुसऱ्या बाजूला गेला. खट.
"आता सोडा क्लच."

गाडी उठली.
उसातून रानडुक्कर उठावं तशी.

इरप्पा बांधावर, तोंड उघडं.
ते मिटल्यावर पहिलं वाक्य,
"मग दहा हजार वाढवा की."

तासभर घासाघीस. तीन लाख वीसच.
टायर पुढच्या महिन्यात बघू.
नरसय्यानं पैसे घेतले नाहीत,
बाटली घेतली, आणि झाकण उघडून
तिचाही वास घेतला, गार असताना.

परवा रात्री पेट्या घेऊन मंगळवेढ्याला गेले.
वाटेत तीनदा इंजिन बंद केलं,
मागं कान लावायला.
पक्कड सीटखाली आहे.
रिव्हर्स अजून कुरकुरतो,
म्हणून गाडी अशी लावते
की निघताना मागं घ्यावी लागू नये.