ळ नसलेला शब्द

निवृत्त झालो त्या महिन्यात कोऱ्या वहीत लिहिलं :
पुढची भाषा कोणती?
आणि खाली दुहेरी रेघ मारली,
बत्तीस वर्षं पाणीपट्टीच्या पावत्यांवर मारली तशीच.

रशियन शिकून झाली होती ऐन तरुणपणी,
कारण पुस्तकं स्वस्त होती, कागद जाड,
आणि वेंगुर्ल्यात दुपारी दुसरं काही घडत नसे.
त्यातलं उरलंय आता बर्फाचं नाव
आणि एक क्रियापद,
ज्याचा अर्थ पायी जाऊन परत येणे.
ते मी रोज संध्याकाळी धक्क्यापर्यंत वापरतो.

भाचा म्हणतो, जपानी घ्या मामा, नोकऱ्या आहेत.
अरे, नुकतीच एक सोडलीय.

इनास फर्नांडिस म्हणाला, पोर्तुगीज शीक,
अर्धी तर तुका येताच.
खरं आहे. चावी, बिजागरी, बादली, साबण,
बंदरावरचा लिलाव, आणि माझा तो पगारसुद्धा.
पण जी पाहुणी येऊन घरातलीच झाली
तिला आता काय विचारायचं, बाई तू कुठली?

अरबीचा मोह होता तो निव्वळ लिपीचा.
बायको म्हणाली, आधी माझी वाणसामानाची यादी
नीट वाचायला शिका.

वही तशीच राहिली. वर डबा ठेवला गेला कोकमांचा.

मग ग्रंथालयाच्या रद्दीत
कव्हर गेलेला एक शब्दकोश मिळाला, स्वाहिलीचा.
सवयीने आधी पाणी शोधलं.
पाण्याला म्हणतात माजी.
हसलो. नगरपालिकेत माझा हुद्दा आता तोच.
पुढची पानं उगाच चाळत होतो
आणि एका शब्दाशी
डावा तळवा ठणकला.

बावीस वर्षं झाली. ऑगस्ट होता.
इंजिन मेलेलं एक जहाज ओढून आणलं होतं,
कस्टमच्या व्हरांड्यात सात माणसं बसवलेली.
मी टँकर घेऊन गेलो. पाइप ओढताना
पायरीवर घसरलो, कालवांनी तळवा उभा चिरला.
धुरी शिपाई ओरडला, डोळे खय होते तुझे?
त्या सातांतला एक उठला, लुकडा,
समोर उकिडवा बसला, पायाकडे बघत म्हणाला,
पोले.
मग हळू, पुन्हा : पोले सना.

धुरी म्हणाला, पोळे मागता.
भूक लागली आसतली गरीबाक.

बायकोने रात्री चाळीस पोळे घातले,
काळ्या वाटाण्याची उसळ केली.
लंगडत नेऊन दिलं.
सातही जण जेवले. तो मात्र घासाघासाला
माझ्याकडे बघत होता,
जखमी माणसाला दोन अक्षरं बोलावीत
आणि त्याने ताट आणून पुढ्यात ठेवावं,
हा कुठला देश, अशा नजरेने.
चौथ्या दिवशी जहाज गेलं. नाव विचारायचं राहिलं.

शब्दकोशात लिहिलंय :
पोले. दुखतंय तुला, ते माझ्यापर्यंत पोचलं.
माफी नव्हे ती. चूक कोणाचीच नसते तेव्हाही म्हणतात,
थकलेल्याला, आजाऱ्याला, ओझं वाहणाऱ्याला.
आपल्याकडे त्या जागी अरेरे आहे,
जपून आहे,
आणि डोळे खय होते.

सगळे विचारतात, हय कोणाशी बोलतलास?
कोणाशीच नाही कदाचित.
एका बोलण्याचं उत्तर द्यायचं राहिलंय माझ्याकडून,
तेही आता सापडलंय : निमेशापोआ.
म्हणजे बरा झालो,
मुळात म्हणजे निवलो,
चुलीवरून उतरवलेलं दूध निवतं तसा.

पहाटे पडवीत मोठ्याने घोकतो.
जीभ ल वरून घसरून सारखी ळ वर जाते.
पोळे, नाही, पोले. पोले सना.
आतून आवाज येतो,
किती घालू?