कोरडी फेक

पाथर्डी फाट्याच्या पुढे, जिथे अजून प्लॉट पडायचेत,
हिराजी पागधरे मला समुद्राचे मासे धरायला शिकवतात.
समुद्र इथून गाडीने चार तास.
इथे गाजरगवत, खडी, अर्धं घातलेलं कुंपण
आणि तारेवर चार वेडे राघू,
त्यांच्या मते वेडे आम्ही.

बारा फुटी रॉड. शेवटाला नुसतं शिसं,
शंभर ग्रॅम, घरी ओतलेलं,
नवरा नाइट शिफ्टला असताना, जुन्या पळीत.

"बोट कधी सोडायचं?" मी विचारते.
"सांगून येत नाय. दोरी सांगते."
एकवीस वर्षं मी अंबडला बेअरिंगच्या रिंगा मोजते.
दोन मायक्रॉन चुकले की माल परत.
दोरीचं सांगणं मी कुठल्या रकान्यात लिहू?
मला आकडा हवा.
"आकडा मागनं," ते म्हणतात, "आधी शिसं."
आणि हसतात, कारण त्यांचा आकडा वेगळा, टोकदार.

पहिली फेक माझ्याच मागे पडली.
दुसरी सरळ वर गेली, आम्ही दोघं डोकं धरून पळालो.
सातवीमागे एक कुत्रं धावलं,
शिसं हुंगलं, आणि माझ्याकडे असं बघितलं
की मी त्याची माफी मागितली.

कंपनीची सहल चिंचणीला. तारीख ठरली अष्टमीची.
"अष्टमीला नको," हिराजी म्हणाले, "भांगाचं पाणी. मेलेलं."
पण एचआरला तिथी कुठे कळते.
"तुम्ही चला ना काका, तुमचाच गाव तिकडे."
ते रीळ पुसत राहिले.
"तिकडं आता माझं काय," म्हणाले,
आणि रिळाला तेल सोडलं, होतं त्याच्यावर पुन्हा.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार. बसमध्ये अंताक्षरी.
पहाटे साडेपाचला मी एकटी, सलवार गुडघ्यापर्यंत.
त्यांनी सांगितलं होतं: फेस कुठे नाही ते बघ.
एक लाट मोडते, पुढची मोडते,
मधे काळं पाणी असतं, ती गल्ली.
मासा गल्लीतून फिरतो, रिकामा पोरगा फिरतो तसा.
मी बघत राहिले. सगळीकडे फेस.
मग दिसली.
बोट कधी सुटलं मला माहीत नाही.

नंतर एक तास प्रत्येक लाट म्हणजे मासा वाटली.
आणि मासा आला तेव्हा लाट वाटली.

हातभर नव्हता, वीतभर. चंदेरी, वर पुसट पट्टे.
वाळूवर पडला आणि बोलायला लागला:
कर्र, कर्र. गंजलेली बिजागरी.
मी घाबरून फोन लावला.
नाशिकला ते टपरीवर होते,
मागे कुकरसारखा स्टोव्ह, कुणीतरी कटिंग मागत होतं.
"काका, हा आवाज करतोय."
"फोन त्याच्या तोंडाशी धर."

धरला.
कर्र, कर्र.
तिकडे टपरीचा सगळा गलका तसाच चालू,
त्यात हिराजी नाहीत.
मी "हॅलो" म्हणाले नाही.

बऱ्याच वेळाने: "करकरा."
मग: "वारा कुठला आहे?"
मला वारा कुठला ते सांगता येईना.
गाल कुठला गार पडला, ते सांगितलं. उजवा.
"हां," म्हणाले. आणि फोन ठेवला.

खाल्ला की सोडला, त्यांनी अजून विचारलेलं नाही.

पुढच्या रविवारी प्लॉटवर बोर्ड लागला होता,
फ्लॅटचं चित्र, चित्रात कारंजं.
कुंपण पुरं झालेलं, आत एक ट्रक वाळू.
मी रॉड जोडला. त्यांनी हात पुढे केला.
इतके दिवसांत पहिल्यांदा.
गुडघे सरळ होत नाहीत त्यांचे,
तरी पाठ वळली, आणि शिसं गेलं,
राघू उडाले, शिसं जातच राहिलं, तारेवरून,
आणि पडल्याचा आवाजच आला नाही.

वाळूत पडलं होतं.

वॉचमनला सांगून आत गेलो.
हिराजींनी मूठभर वाळू घेतली, बोटांतून सोडली.
"गिरणेची असेल," मी म्हणाले.
त्यांनी तळहात धोतराला पुसला.
"जाड आहे," म्हणाले.
आणि शिसं शोधायला वाकले.