दोराला हात

देवबागेत जमीन म्हणजे एक चिंचोळी जीभ,
इकडून खाडी चाटते, तिकडून दर्या.
वेगळं राहायचं म्हटलं तरी जायचं कुठे?
कोणाच्या चुलीवर काय शिजतंय
ते वारा घरोघरी सांगून येतो.

त्या वर्षी क्षितिजावर एक गाव उगवलं.
रात्री नऊनंतर. हिरवट पांढरं.
माझी पोर म्हणाली, आई, गोवा जवळ आला.
गोवा नव्हे. रुझारमामाचा ट्रॉलर,
आणि त्याच्यासारखे दहा-बारा,
जनरेटर लावून पाण्यात दिवे सोडणारे.
दिव्याखाली दर्यातली मासळी
लग्नाला बोलावल्यासारखी जमत होती,
पोटात गाबोळी असलेलीसुद्धा,
बोटाएवढीसुद्धा.

मामा पप्पाकडे आला. म्हणाला,
"बस्त्याव, तुझो अख्खो हंगाम ती माझी एक रात्र.
भागी घे."
पप्पा जाळ्याचं भोक विणत होता, सुई दातांत.
ती काढायला त्याने वेळ लावला.
"उजेड फसवूक नसता रे."
एवढंच.
मामा हसला, चहा पुरता प्यायला,
जाताना आईच्या हातावर पाचशेची नोट ठेवली, पोरांना खाऊ.
आईने ती घेतली. हेही सांगायला हवं.

पहाटे रापण ओढायला शेवंती येते,
नवरा बुडाल्यापासून येते.
अप्पा तांडेल येतो, ज्याला आता दिसत नाही.
शाळा बुडवून पोरं येतात.
दोराला हात लागला की वाटा.
आंधळ्याच्या हातात जोर किती, कोणी मोजत नाही.
त्या वर्षी वाट्याला एकेक मूठ पेडवे आले.
पप्पा ती मूठही वाळूवर मांडत राहिला,
या ढिगातले दोन त्या ढिगात,
परत एक इकडे,
आणि शेवटी उरेल तो आपला.

फेस्ताला इगर्जीवर माळा लागल्या,
क्रुसापासून पायऱ्यांपर्यंत, मामाच्या देणगीतून.
पाद्रीबाब जगापासून वेगळं राहण्यावर बोलत होते.
माईक मध्येच शिट्टी मारी.
पहिल्या बाकावर रुझारमामा मान डोलवत होता.
मीही डोलवत होते.
पप्पाला डुलकी लागलेली.

परतताना, चपला हातात घेऊन, खुरसाजवळ मी विचारलं:
सगळ्यांची घरं स्लॅबची झाली, होमस्टेच्या पाट्या लागल्या,
आपल्या कौलांखाली अजून बालद्या.
तू एकटा पडलास, पप्पा.
यालाच म्हणतात का वेगळं राहणं?

तो थांबला. खरोखर विचारात पडला.
"वेगळो? मी खंय वेगळो गो?
वेगळो तो, जो रात्रीचो एकटोच जाता
नि सगळा घेऊन येता.
माझ्या दोराक तर अख्खो गाव आसा."
आणि गुडघा धरून चालू लागला.

मला पटलं असं नाही.
भावाच्या दुबईच्या तिकिटाचे पैसे कोणी दिले
ते मला ठाऊक आहे. त्यालाही असावं.

परवा मालवणच्या लिलावात बांगडे घेतले.
मोठे, ताजे,
डोळे अजून कुठल्याशा दिव्याकडे लागलेले.
तिरफळं घालून सार केलं.
"खंयचे?" त्याने विचारलं.
"बाजारातले," मी म्हटलं.
त्याने ताट जवळ ओढलं.
बोटांनी चाचपून एकेक काटा काढला,
सगळा मासा नातीच्या भातावर ठेवला
आणि स्वतः गोलम्याच्या चटणीशी जेवला.
बोलला काहीच नाही.
उलट, पोरीला म्हणाला, सावकाश जेव, काटो ऱ्हवलो आसात एखादो.

मागच्या दारातून ते दूरचं गाव दिसत होतं.
दार लावायला मी उठले
आणि कडीवर हात ठेवून
बराच वेळ तशीच उभी राहिले.