अर्धा तास

साडेचारचा गजर. माझी पहिली ड्युटी, कात्रज डेपो.
निघण्याआधी ईश्वरीला हलवते.
ती डोळे न उघडता तोंड उघडते.
छोटीशी पांढरी गोळी, घोटभर पाणी,
मग अर्धा तास पोटात काही नाही. चहाचा थेंबही नाही.
चौदा वर्षांत हा अर्धा तास मी चुकवला नाही.
चुकला तो त्याआधीचा सव्वा महिना.

तेव्हा ती फार गुणी होती.
भोरला आईकडे शेजारणी यायच्या,
अगं, हिचा आवाजच कसा नाही?
मी ऐटीत सांगायचे, समजूतदार आहे माझी लेक.
दूध पिता पिता झोपायची.
रडलीच तर घोगरं, गंजक्या बिजागरीसारखं.
पाय गार, म्हणून आईने मोजे विणले.
कावीळ उतरेना, म्हणून कोवळ्या उन्हात धरली.

सिस्टर म्हणाली होती, थांबा,
तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्त घेऊ, थेंबभर.
मी दुसऱ्याच दिवशी जीप केली.
लोक दुसऱ्यांना दाखवतात,
मी माझ्याच पोरीला दाखवला कात्रजचा घाट.

एक्केचाळिसाव्या दिवशी रिपोर्ट हातात आला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मानेतली ग्रंथी नीट बनलीच नाही.
आजपासून गोळी. फार उशीर झालेला नाही.
तो ‘फार’ मी अजून चघळते आहे.

पुढे चालली, बोलली, शाळेत गेली,
नापास कधीच झाली नाही.
फक्त डबा हरवतो. छत्री. सायकलची किल्ली, तीनदा.
चेहरा माहीत असतो, नावही माहीत असतं,
हे नाव ह्या चेहऱ्याचं, एवढी गाठ मात्र बसत नाही.

कर्वे रोडच्या मॅडमनी तिला एक गोष्ट सांगितली.
कुंभार, गुरुवारचा बाजार, सात माठ, त्यातला एक लाल.
मग चित्रं, ठोकळे, आकडे उलटे म्हणणं,
आणि अर्ध्या तासाने, सांग बघू ती गोष्ट.
ईश्वरी म्हणाली, कोणीतरी काहीतरी विकत होतं
आणि त्याला वाईट वाटत होतं.
मी विचारलं, वाईट वाटतं असं आहे का गोष्टीत?
मॅडमनी कागद पाहिला. नाही, म्हणाल्या.

डोक्याचा फोटोही दाखवला.
खोल आत, दोन्ही बाजूंना एकेक,
समुद्रघोड्यासारखा वळलेला तुकडा.
नवी आठवण आधी तिथे टेकते म्हणे.
तिचे दोन्ही जरा लहान आहेत.
मी विचारलं, वाढतील?
त्यांनी पेनाला टोपण लावलं,
काढलं, परत लावलं.

मला सगळे थांबे पाठ आहेत. तापातसुद्धा बडबडते,
मोरेबाग, भारती विद्यापीठ, बालाजीनगर, पद्मावती.
ती पद्मावतीला उतरते. परवा उतरलीच नाही.
स्वारगेट गेलं, शनिपार गेला, शनिवारवाडा,
थेट मनपा. गाडी रिकामी झाली तरी खिडकीशी बसून.
पाटोळे कंडक्टरांचा फोन आला,
ताई, घाबरू नका, पोरगी माझ्याजवळ आहे.
रडत नाही, काही नाही. फार गुणी आहे हो.
मी सुटे पैसे मोजत होते. परत पहिल्यापासून मोजले.

रात्री भाकरी मोडत तीच म्हणाली,
आई, पद्मावती आलेलं दिसलं मला. पाटीपण वाचली.
फक्त तो माझा थांबा आहे, हे आठवलं नाही.

आज पहाटे गोळी दिली, पाणी दिलं,
बिल्ला लावत होते तर अंधारातून म्हणाली,
त्या कुंभाराचं पुढे काय झालं?
कुठल्या कुंभाराचं गं?
सात माठवाला. गुरुवारचा.
माहीत नाही, म्हटलं. मॅडमच्या कागदावर एवढीच होती.
मग तू सांग ना.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.
चपला घातलेल्या, तशीच टेकले तिच्या पायाशी.
पाय गारच होते.